सरांची सोमवारची बाटली

चहा समजून कोणी थर्मास उघडावा आणि आत लघवी निघावी, असा प्रकार जगात दुसऱ्या कुठल्या ऑफिसात झाला असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे झाला. वॉर्डातले मामा काही कागद द्यायला आले, टेबलावर स्टीलचा थर्मास दिसला, मामांनी हक्कानं कप घेतला आणि झाकण फिरवलं. आत बर्फ, बर्फात पांढऱ्या झाकणाची बाटली, बाटलीवर निळ्या शाईनं तारीख. "का बाप्पा, हे का होय?" मामा म्हणाले. सरांनी वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "माझी लघवी होय गा. पाहिजे का?" मामांनी त्यानंतर आमच्या लॅबमध्ये पाण्याचा थेंबही घेतला नाही.

सर म्हणजे धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात चालणाऱ्या आमच्या संशोधनाच्या लॅबचे प्रमुख. प्रमुख कोणाचे? माझे. लॅबमध्ये माणसं दोनच, ते आणि मी. सरकारी कॉलेजातून बायोकेमिस्ट्रीचे प्राध्यापक म्हणून रिटायर झाले आणि घरी पेपर वाचत बसायचं सोडून मूत्राशयाच्या कॅन्सरच्या मागे लागले. लोक रिटायर झाल्यावर तीर्थाला जातात, सर तळघरात उतरले. फ्रीझरच्या खोलीत एसी असायचा म्हणून अंगात मे महिन्यातसुद्धा बिनबाह्यांचा स्वेटर. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळतंय आणि हा माणूस स्वेटर घालून, मांडीवर थर्मास धरून माझ्या स्कूटीवर मागे बसलेला. लोक वळून वळून बघायचे. आधी मला लाज वाटायची. मग मीच बघणाऱ्यांकडे डोळे वटारून बघायला लागले.

स्कूटीचं असं, की ते नंदनवन वस्तीत राहायचे आणि मीही तिथेच, दोन गल्ल्या सोडून. रोज मी त्यांना घ्यायचे आणि संध्याकाळी सोडायचे. माझा नवरा म्हणायचा, "माझ्या बाबांना कधी चौकापर्यंत नेलं नाहीस." खरं होतं ते. पण सासऱ्यांना घरात सोबत होती. सरांनी लग्न केलं नव्हतं. एक भाऊ कुहीजवळच्या गावात धान लावायचा. त्याच्याशी भांडण नव्हतं, पण जाणं-येणंही नव्हतं. सर म्हणत, "भांडण असतं तर भेट तरी झाली असती."

मीटिंगमध्ये सर असं इंग्रजी बोलायचे की मोठे मोठे डॉक्टर सरळ बसायचे. माझ्याशी आणि पेशंटशी मात्र गावाकडचीच बोली. मी एकदा म्हटलं, "सर, हे सॅम्पल कुठं ठेवू?" तर म्हणाले, "ते सॅम्पल नोहे वं, माणूस होय. माणूस लपवते, लघवी नाई लपवत." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला चीड यायची. आणि रागवायची पद्धत काय सांगू! ओरडले असते तर परवडलं असतं. चष्मा काढायचे, स्वेटरच्या टोकानं पुसायचे, परत लावायचे आणि एकच शब्द बोलायचे, "पुन्हा." म्हणजे सकाळपासूनची सगळी मेहनत बेसिनमध्ये. त्या 'पुन्हा'ला मी जेवढी भ्यायचे तेवढी सासूला नाही भ्याले.

आमचं काम काय होतं ते सांगायला पाहिजे. सर ते कुहीकडच्या एका म्हाताऱ्याला सांगत होते, तसंच सांगते. म्हाताऱ्याची मूत्राशयातली गाठ काढलेली. हा कॅन्सर मोठा चिकट, फिरून फिरून येतो, म्हणून दर तीन महिन्यांनी लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून बघतात. दुसऱ्या वेळी म्हातारा टेबलावरून उतरला आणि हिरवा गाऊन घातलेलाच थेट बाहेरच्या पानठेल्यावर जाऊन उभा राहिला. "मारून टाका, पण थे नळी नका घालू," म्हणे. सर स्वतः गेले, त्याला हाताला धरून तळघरात आणलं. मागे त्याची बायको, रडून डोळे सुजलेले. सर तिला म्हणाले, "बाई, एक बांगडी द्या."

बाई पांढरीफटक पडली. आजारी नवऱ्यासमोर, दवाखान्यात, हातातली बांगडी काढायची? सरांच्या लक्षातच येईना तिला काय झालं ते. मीच मधे पडले, "सर, काय मागता तुम्ही!" तेव्हा कुठे त्यांनी जीभ चावली. मग बाईनं हात पुढे केला, म्हणाली, "हातातच पाहा." आणि सरांनी तिच्या हातातल्या हिरव्या बांगडीकडे बोट करून सांगितलं, "बाबाजी, आपल्या पेशींत आरएनए असते. सुतळीसारखा. लघवीत त्याले कुरतडणारे उंदीर लय. उंदीर सुतळीच्या टोकापासून सुरू करते आणि घडीभरात फस्त. पण काही आरएनए असतात गोल, या बांगडीसारखे. टोकच नाई, तर उंदीर सुरू करन कुठून? थे टिकून राहतात. गाठ असली की एक गोल आरएनए वाढते, आणि लघवीत आम्ही तो मोजतो. हे काम पक्कं झालं तर नळीचा त्रास कमी होईन. तुम्ही फक्त बाटली भरून द्या." म्हातारा म्हणाला, "तवापर्यंत?" सर म्हणाले, "तवापर्यंत नळी. मी येतो संगं." आणि खरंच गेले, टेबलाजवळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी इतवारीच्या बाजारात जाऊन त्यांनी डझनभर बांगड्या आणल्या, पेशंटना दाखवायला. मला म्हणाले, "दुकानदार माप विचारे. हात कोणाचा म्हणे. का सांगू त्याले?" आणि हसले. मी पण हसले. घरी गेल्यावर मात्र मला ते आठवून कसंतरीच झालं.

आता सोमवारच्या बाटलीची गोष्ट. सोमवारी आम्ही पेशंटच्या लघवीच्या छोट्या नळ्या मशीनमध्ये लावायचो. आणि सरांचा नियम होता, ज्या दिवशी दुसऱ्याची तपासायची, त्या दिवशी आधी स्वतःची. पुस्तकात नाही हा नियम, सरांच्या डोक्यातला. नोंदवलेल्या निरोगी माणसांच्या नळ्या वेगळ्या असायच्या, त्या फ्रीझरमधल्या. पण सर म्हणायचे, ताजी पाहिजे, आणि सोमवारी सकाळी दुसरा कोण चांगला माणूस आपल्याले लघवी देईन? मशीनच्या पडद्यावर प्रत्येक नळीची एक रेघ उमटते. तो गोल आरएनए जास्त असला की रेघ लवकर वर चढते. सरांची रेघ आडवी झोपलेली असायची, शेवटी शेवटी जराशी हलायची. ती झोपलेली असली की त्या दिवसाचं काम स्वच्छ. उठली तर समजायचं, कुठेतरी आपल्या हातून एकाचं दुसऱ्यात मिसळलं, सगळं फेका आणि पुन्हा.

सर रविवारीही लॅबमध्ये जातात हे मला खूप उशिरा कळलं. एकदा मोबाइलचा चार्जर विसरले म्हणून मी रविवारी दुपारी गेले, तर सर फ्रीझरसमोर स्टुलावर बसलेले, मांडीवर डबा. मला बघून दचकले. म्हणाले, "फ्रीझरचा अलार्म वाजल्यासारखा वाटला, म्हणून आलो." नंदनवनात बसून धंतोलीच्या तळघरातला अलार्म ऐकू येणारे कान परमेश्वरानं कोणाला दिले नाहीत. माझं पोरगं वर गाडीजवळ नवऱ्यासोबत थांबलं होतं, म्हणून चार्जर घेऊन निघून आले. पाच मिनिटं बसायला काय झालं होतं मला?

दसऱ्यानंतरच्या एका सोमवारी सरांची रेघ उठली. फार नाही, थोडीशी. सरांनी चष्मा पुसला. "पुन्हा." मी टेबल धुतलं, पाणी बदललं, नवी पाकिटं फोडली. पुढच्या सोमवारी रेघ आणखी वर. "पुन्हा." त्याच्या पुढच्या सोमवारी सर म्हणाले, "तुह्या हाताले का झालं वं? आधी असं नव्हतं." मला रडू आलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आणि हे नुसतं माझ्या अपमानाचं नव्हतं. पेशंटच्या एका बाटलीतून मोजक्याच नळ्या निघतात. दरवेळी सगळं फेकलं की त्या संपत चाललेल्या. कुहीच्या म्हाताऱ्याची तर एकच नळी राहिली होती.

दिवाळी झाल्यावरच्या सोमवारी सरांनी थर्मास माझ्या हातात दिला आणि वर मीटिंगला गेले. दोष त्या थर्मासातच असेल, असं म्हणत मी बाटली काढली. बेसिनमध्ये ओतली. नळ सोडला. मग बाथरूममध्ये जाऊन तीच बाटली धुवून स्वतःची भरून आणली आणि मशीनला लावली.

रेघ आडवी. अगदी निजलेली.

सर आले, पडदा बघितला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बसला पाह्य तुहा हात." दुपारी बाहेरून झणझणीत तर्री-पोहे मागवले, जे ते कधी खायचे नाहीत, आणि घाम पुसत पुसत माझ्याबरोबर खाल्ले. मी अर्धी प्लेट तशीच झाकून ठेवली. पण खरं सांगते, तो पश्चात्ताप नव्हता, पकडले जाण्याची भीती होती. दुसऱ्या सोमवारी भीती कमी झाली. तिसऱ्या सोमवारी सवय झाली. दिवाळी ते होळी, चार महिने, दर सोमवारी मी सरांची बाटली ओतत गेले.

मला एकदाही वाटलं नाही का, की रेघ खरं बोलत असेल? नाही वाटलं. देवाशपथ नाही वाटलं. आणि सरांनाही नाही वाटलं, ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या लघवीत हेच शोधलं. आमच्या दोघांच्याही डोक्यात पक्कं बसलं होतं की कॅन्सर वरच्या मजल्यावरच्या माणसांना होतो. आम्ही तळघरातले. आम्ही मोजणारे.

होळी झाल्यावरच्या सोमवारी मी त्यांना घ्यायला गेले तर हात रिकामे. मला वाटलं विसरले. लॅबमध्ये पोहोचल्यावर विचारलं, "सर, बाटली?"

"नाई आणली. लाल आली."

"म्हणजे?"

"म्हणजे लाल. शनिवारपासून. दुखत नाई, आग नाई. त्याचा अर्थ तुले माहीत आहे."

माहीत होता. आमच्या भिंतीवरच्या लक्षणांच्या तक्त्यावर तीच ओळ पहिली होती. सर मात्र कागद पुढे ओढून लिहायला बसले होते. "दवाखान्याच्या कमिटीले पत्र द्या लागते. काम बंद करतो म्हणून."

"का बरं, सर?"

"काहून का? चार महिने माही रेघ आडवी आहे, आणि इकडं रक्त येऊन राहिलं. आंधळी आहे वं आपली चाचणी. घरची गाठ दिसली नाई तिले. त्या कुहीच्या बुढ्याले मी काय तोंड दाखवू? नळीचा त्रास कमी होईन म्हणून सांगितलं मी त्याले." त्यांचा आवाज फाटला. एका माणसावरून चाचणी खरीखोटी ठरत नसते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पण त्या दिवशी तो एक माणूस ते स्वतः होते. आणि मला दिसत होतं, या माणसाला कॅन्सरचं दुःख झालेलं नाही. सात वर्षांचं काम खोटं निघाल्याचं झालंय.

मी गप्प राहिले असते तर कोणाला कधीच कळलं नसतं.

"सर, ती तुमची नव्हती."

"कोणती वं?"

"रेघ. दिवाळीपासून. ती माझी होती. तुमची मी ओतून द्यायची."

सरांनी चष्मा काढला. मी 'पुन्हा'ची वाट बघत असल्यासारखी उभी. त्यांनी पुसला नाही, तसाच हातात धरून विचारलं, "त्याच्या आधीच्या तीन सोमवारच्या? त्या माह्या?"

"त्या तुमच्याच."

त्यांनी वही ओढली, पानं उलटली, दसऱ्यानंतरचे तीन आकडे काढले आणि बोटानं एकेक दाबला. आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, पोराचा पहिला नंबर आल्यावर बापाचा होतो तसा झाला. "सांगून राहिली होती वं थे! तवापासून सांगून राहिली होती! पाह्य, पाह्य, चढता आकडा!" टाळी दिली त्यांनी मला. खरंच दिली. मग हात तसाच राहिला. आकडे दसऱ्याचे होते, आणि बाहेर उन्हाळा लागला होता. ते हळूच उठले आणि बेसिनवर जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. किती वेळ मारत राहिले.

आल्यावर म्हणाले, "सगळं लिहून ठेव. प्रत्येक सोमवार. काहून केलं, थेही लिही." मी सगळ्या तारखा लिहिल्या, आणि खाली लिहिलं, 'सरांच्या रागाच्या भीतीने.' त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "इतका कडक आहो का वं मी?"

नाही म्हणायला पाहिजे होतं. मी खाली सही केली.

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर त्यांना दुर्बीण घातली. डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी, त्यानं नियमाप्रमाणं विचारलं, "सर, कधी रंगाच्या कारखान्यात काम?" सर म्हणाले, "कारखान्यात नाई, पण रंगातलं थे बेंझिडीन. लघवीत रक्त शोधायले तेच वापरत होतो आम्ही तरुणपणी, उघड्या हातानं. तवा कोणाले माहीत होतं, त्यानंच मूत्राशयात गाठ होते म्हणून?" विद्यार्थी खाली बघायला लागला. फॉर्मवर सही करायला नातेवाईक पाहिजे होता. भाऊ गावाहून यायचा होता. मी पेन घेतला आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'मुलगी'. सरांनी पडल्या पडल्या फॉर्म मागितला, वाचला आणि शब्द खोडला. "खोटं नको लिहू. सहकारी लिही." मी लिहिलं. मला राग आला होता, वाईटही वाटलं होतं, आणि दोन्हींचा मला हक्क नव्हता. भाऊ दुपारी आला, टोपी हातात धरून दोन तास बसला, आणि संध्याकाळच्या बसनं गेला.

गाठ स्नायूत उतरली होती. मूत्राशयच काढावं लागलं. पोटाला पिशवी लागली. घरी आल्यावर पिशवी बदलायला दिवसाआड दवाखान्यातला एक ब्रदर यायचा, बाकी घरात कोणी नाही. मी संध्याकाळी जायचे. कधी खिचडी, कधी वरणभात. सर गॅलरीत बसलेले असायचे, स्वेटर आता खरोखरच थंडी वाजते म्हणून. लॅबचं विचारायचे. चाचणीचं काम चालू ठेवलं होतं, कमिटीनं माझी चूक लिहून घेतली आणि मला ठेवलं, तेही सरांनीच सांगितलं म्हणून. मी एकदा म्हटलं, तुमचे ते तीन आकडे लेखात घालू या. "नाई. नियमात बसत नाई," म्हणाले.

जी गोष्ट मला विचारायची होती, ती विचारायला मला महिने लागले. एका दुपारी विचारली. "सर, चार महिने आधी कळलं असतं तर फरक पडला असता का?"

"सांगता येत नाई."

"अंदाजानं?"

"अंदाज कशाचा वं? असं सांगाले दोन मी लागतात. एक, ज्याची बाटली तू ओतली. एक, ज्याची नाई ओतली. दुसरा आणू कुठून?"

मी त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, "सर, मला झोप लागत नाही. एकदा म्हणा, काही फरक नसता पडला म्हणून. खोटं का होईना. एकदा म्हणा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डोळे भरून आले होते, मला दिसलं. त्यांना म्हणायचं होतं. दोनदा ओठ हलले. मग म्हणाले, "पुरावा नाई ना वं, पोरी."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यानंतर मी धंतोलीतल्या तीन डॉक्टरांना विचारलं. तिघंही भले लोक. तिघांनीही सांगितलं, मनाला लावून घेऊ नका ताई, काही फरक पडला नसता. मी तिघांचे आभार मानले. त्यांच्यापैकी एकावरही माझा विश्वास बसत नाही. ज्याच्यावर बसला असता, तो म्हणाला नाही.